स्टोरेज ॲरेचं फर्मवेअर चार वर्षं बदललेलं नाही. आता बदलावं का, आणि कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. तिथे दोन कंट्रोलरचा, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या दोन संगणकांचा, एक स्टोरेज ॲरे (अनेक डिस्कचं सामायिक कपाट) आहे आणि त्यावर ईआरपीचा (कारखान्याचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस, फाइल सर्व्हर आणि चाळीसेक व्हर्च्युअल मशीन (एका सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअरमधले संगणक) चालतात. बसवल्यापासून, म्हणजे चार वर्षं, फर्मवेअरला, म्हणजे यंत्राच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरला, कुणी हात लावलेला नाही. आता पुरवठादाराची मेल आली आहे की नव्या आवृत्तीत गंभीर दोष दुरुस्त केलेत, अपडेट करून घ्या. साहेब म्हणतात, 'नीट चाललंय ना? मग कशाला हात लावायचा?' प्रश्न विचारणाऱ्याला दोन गोष्टी हव्या आहेत: करावं की नाही, आणि करायचं तर कारखाना बंद न पाडता कसं करायचं.

माझं उत्तर: करा, पण या आठवड्यात नको. पुण्यात आणि आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात मी बावीस वर्षं हेच काम करतोय. एवढ्या वर्षांत अपडेट फसलेली मी पाहिली ती बहुतेक वेळा नव्या फर्मवेअरमुळे फसली नाहीत. आधीपासून तुटलेलं काहीतरी त्या रात्री पहिल्यांदा उघडं पडलं, म्हणून फसली. तेव्हा तुमचं खरं काम अपडेटच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत आहे.

आधी साहेबांच्या मुद्द्याकडे येतो. त्यांची भीती खोटी नाही, आणि तुम्ही ती उडवून लावू नका. पण 'चाललंय ते चालू द्या' यामागे एक गृहीतक आहे: फर्मवेअर बदललं नाही तर यंत्र आहे तसंच राहतं. ते तसं राहत नाही. प्रत्येक डिस्क आपण किती तास चालू आहोत हे मोजत असते. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर आणि स्टोरेज बनवणाऱ्या कंपनीने आपल्या काही सॅस एसएसडींबद्दल (सर्व्हरसाठीच्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कबद्दल) सूचना काढली होती. ठरावीक फर्मवेअर असलेली डिस्क एकूण ३२,७६८ तास चालली की बंद पडणार, आणि बंद पडल्यावर डिस्कही परत येणार नाही, त्यावरचा डेटाही नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. चिन्हासकट साठवलेल्या १६ बिटांच्या आकड्यात मावणारी सर्वात मोठी संख्या ३२,७६७ असते, हे प्रोग्रामिंग केलेल्या माणसाच्या लगेच लक्षात येईल. मार्च २०२० मध्ये तशीच दुसरी सूचना आली, वेगळ्या डिस्कसाठी. या वेळी मर्यादा ४०,००० तासांची होती, म्हणजे ४ वर्षं, २०६ दिवस आणि १६ तास. त्याच मर्यादेवर अडणाऱ्या डिस्क आणखी एका मोठ्या कंपनीनेही विकल्या होत्या. तिच्या दुरुस्तीच्या टिपणात कारण दिलं होतं: फिरत्या बफरच्या शेवटच्या जागेची तपासणी एका आकड्याने चुकली होती. एवढ्याशा चुकीसाठी अख्खी डिस्क गेली असती.

आता तुमचा हिशोब करा. चार वर्षं म्हणजे ३५,०६४ तास. तुमच्या डिस्क पहिली मर्यादा ओलांडून गेल्यात आणि दुसरीच्या अलीकडे आहेत. तुमच्याकडे त्याच डिस्क आहेत असं मी म्हणत नाही. पण साहेबांना दाखवण्यासाठी याहून चांगला आकडा तुम्हाला मिळणार नाही.

आणि इथे रेडचा, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून तो अनेक डिस्कवर वाटून ठेवण्याच्या पद्धतीचा, आधार वाटतो तो फसवा असतो. रेड ५ एक डिस्क गेलेली सोसतं, रेड ६ दोन. दोन्हींच्या मुळाशी एकच विश्वास आहे: डिस्क एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या, आपापल्या वेळी मरतात. तुमच्या ॲरेमधल्या चोवीस डिस्क एकाच खोक्यातून आल्या, एकाच दुपारी चालू केल्या. फर्मवेअरमध्ये तासांचा दोष असेल तर त्या चोवीसही जवळजवळ एकाच वेळी जातील. हॉट स्पेअर म्हणून, म्हणजे गेलेल्या डिस्कची जागा आपोआप घ्यायला, राखलेली डिस्कही त्याच दिवशी वीज मिळाल्यापासून तास मोजतेय, त्यामुळे तीही त्यांच्याबरोबरच जाईल. हे मी माझ्या टीममधल्या नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगतो, कारण 'रेड आहे, स्पेअर आहे' म्हणून निर्धास्त झालेली माणसं मी फार पाहिली आहेत.

म्हणून आजच, अपडेटचा निर्णय होण्याआधीच, ॲरेमधून प्रत्येक डिस्कचं मॉडेल, तिचं फर्मवेअर आणि चालू तास यांची यादी काढा आणि निर्मात्याच्या सूचनांशी ताडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, यात काही बंद पडत नाही. मधल्या काळात बाजारातून घेतलेली एखादी वापरलेली डिस्क बदली म्हणून बसवली असेल तर तिचे तास बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त निघतील. तिच्याकडे वेगळं लक्ष द्या.

मग रिलीज नोट्स, म्हणजे प्रत्येक आवृत्तीत काय बदललं याची निर्मात्याची टिपणं. बहुतेक लोक फक्त शेवटच्या आवृत्तीच्या वाचतात. तुमच्या आवृत्तीपासून नव्या आवृत्तीपर्यंत मध्ये जेवढ्या आल्या, त्या सगळ्यांच्या वाचायला हव्यात. चार वर्षांत दहा-बाराही असू शकतात. दोन संध्याकाळी जातील, जाऊ द्या. मी पेन्सिल घेऊन वाचतो. 'न कळता डेटा बदलतो' या अर्थाचं काही दिसलं की त्या दोषाभोवती गोल करतो आणि तो कशामुळे जागा होतो ते बघतो. कधी तो एखाद्या सोयीवर अवलंबून असतो, म्हणजे कॉम्प्रेशन (डेटा दाबून साठवणं), डीडुप्लिकेशन (तोच डेटा एकदाच साठवणं) किंवा रेप्लिकेशन (दुसऱ्या जागी प्रत ठेवणं). ती सोय तुम्ही वापरतच नसाल तर घाई नाही. वापरत असाल तर पुढची मोकळी संधी गाठायची. कंट्रोलर अचानक रीस्टार्ट होण्याचे दोष दुसऱ्या पायरीवर. त्यातही 'इतके दिवस सलग चालल्यावर' असं लिहिलं असेल तर तुमचे दिवस मोजा, कारण तुमचे कंट्रोलर कदाचित चार वर्षांत एकदाही रीस्टार्ट झालेले नसतील. आणि दोन्ही कंट्रोलर एकाच दिवशी चालू झाले असतील, तर ते एकाच वेळी रीस्टार्ट होण्याची शक्यता धरूनच चालायचं. स्क्रीनवरच्या किंवा अहवालांच्या चुका सोडून द्या.

यात एक भाग लोक हमखास ओलांडून जातात, तो म्हणजे 'बदललेलं वर्तन'. १ ऑक्टोबर २०२० ला टोकियोचा शेअर बाजार दिवसभर बंद राहिला. सगळे व्यवहार इलेक्ट्रॉनिक झाल्यानंतर, म्हणजे १९९९ नंतर, पूर्ण दिवस बंद राहण्याची ती पहिलीच वेळ. सकाळी सातच्या सुमाराला सामायिक डिस्क यंत्रणेच्या जोडीतल्या एका यंत्राची मेमरी बिघडली. दुसऱ्याने आपोआप भार उचलायला हवा होता, तो उचलला नाही. त्या प्रकारच्या बिघाडात आपोआप बदली व्हावी यासाठीचं सेटिंग बंद होतं. माहितीपुस्तिकेत मात्र लिहिलं होतं की सेटिंग बंद असलं तरी थोड्या सेकंदांनी बदली होईल. जुन्या पिढीत ते खरं होतं. पुढच्या पिढीत वर्तन बदललं आणि पुस्तिका तशीच राहिली. बाजाराचे अध्यक्ष कोइचिरो मियाहारा यांनी त्या नोव्हेंबरअखेर राजीनामा दिला. सेटिंग तेच, नाव तेच, अर्थ मात्र बदललेला. म्हणून अपडेटनंतर 'आमची सेटिंग्ज जशीच्या तशी राहिली' एवढ्यावर समाधान मानू नका. त्या सेटिंगचं नव्या आवृत्तीत काय होतं ते वाचा, आणि जमेल तिथे करून बघा.

आता प्रत्यक्ष कामाकडे. दोन कंट्रोलरच्या ॲरेमध्ये चालू अपडेट साधारण असं होतं. कंट्रोलर बी आपल्याकडचे सगळे लन (सर्व्हरना दिलेले साठवणीचे भाग) कंट्रोलर ए कडे सोपवतो, नवं फर्मवेअर घेतो, रीस्टार्ट होतो, परत येतो, दोघांची कॅश (डेटा तात्पुरता ठेवायची वेगवान मेमरी) पुन्हा एकमेकांशी जुळते. मग तेच ए करतो. कागदावर कुठेच काही बंद पडत नाही, आणि ॲरेच्या आत खरंच पडत नाही. अडतं ते सर्व्हर आणि ॲरे यांच्यामधल्या वाटेत.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पिंपरीतला एक कारखाना, तुमच्यासारखाच सेटअप. रात्री साडेअकराला सुरू केलं. बी गेला, आला, सगळं हिरवं. ए सुरू केला आणि दुसऱ्याच मिनिटाला माझ्याबरोबरचा मुलगा म्हणाला, 'दादा, हजेरीचा सर्व्हर गेला.' आम्ही आदल्या दिवशी प्रत्येक सर्व्हरच्या वाटा मोजल्या होत्या. या सर्व्हरला दोन वाटा हव्या होत्या, दोन दिसत होत्या, दोन्ही चालू. रॅकच्या मागे जाऊन टॉर्च मारला. त्या सर्व्हरच्या दोन्ही निळसर-हिरव्या फायबर केबल थेट ॲरेला लागलेल्या होत्या, आणि दोन्ही कंट्रोलर ए च्याच पोर्टांत. एका केबलच्या लेबलवर मात्र स्वच्छ 'बी' लिहिलेलं. कधीतरी पोर्टातला ट्रान्सीव्हर (केबल ज्यात लागते तो छोटा भाग) बिघडला होता, कुणीतरी तो बदलताना केबल शेजारच्या मोकळ्या भोकात घातली आणि लेबल तसंच राहिलं. बी रीस्टार्ट झाला तेव्हा या सर्व्हरला काहीच जाणवलं नाही, कारण त्याचा बी शी संबंधच नव्हता. ते आम्हाला शुभचिन्ह वाटलं. ए गेल्यावर दोन्ही वाटा एकदम गेल्या, फाइल सिस्टिमने स्वतःला फक्त वाचण्यापुरतं करून घेतलं, आणि डेटाबेस सकाळी पाचपर्यंत उठला नाही. पहिल्या पाळीची माणसं गेटवर रांगेत उभी होती, सिक्युरिटीवाले वहीत नावं लिहीत होते. वाटा मोजण्याचं काम माझं होतं, आणि मी त्या मोजल्या. कुठे जातात ते पाहिलं नाही.

तेव्हापासून मी सर्व्हरच्या बाजूने बघून थांबत नाही. ॲरेच्या बाजूने बघतो: प्रत्येक सर्व्हरचे पोर्ट दोन्ही कंट्रोलरवर लॉगिन झालेले दिसतात का? एक-एक सर्व्हर घेऊन, नाव लिहून, टिक मारून. मध्ये फायबर स्विच असतील तर दोन वेगवेगळ्या स्विचमधून वाट जाते का तेही. आणि त्यानंतर खरी परीक्षा: अपडेटच्या आठवडाभर आधी, कामाच्या वेळेबाहेर, एका बाजूचे पोर्ट स्विचवरून बंद करायचे आणि पंधरा मिनिटं बघायचं. काही कुरकुर झाली तर पोर्ट लगेच चालू करता येतात. रीस्टार्टच्या मध्यावर कंट्रोलरला 'थांब, परत ये' म्हणता येत नाही, म्हणून ही परीक्षा आधी हवी.

याच टप्प्यावर टाइमआउट, म्हणजे डिस्ककडून उत्तर आलं नाही तर सर्व्हर किती वेळ वाट बघतो ते, बघून घ्या. लिनक्समध्ये स्कझी डिस्कचा टाइमआउट न बदलता ३० सेकंद असतो, विंडोजमध्ये ६०. व्हीएमवेअर टूल्स (व्हर्च्युअल मशीनमध्ये घालायचं मदतनीस सॉफ्टवेअर) बसवलेल्या लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये तो १८० केला जातो. वाट बदलायला सहसा काही सेकंद लागतात, पण भार असताना जास्तही लागतात. टूल्स न बसवलेली दोन-तीन जुनी मशीन प्रत्येक कारखान्यात असतात. बहुतेक वेळा तीच कुणाच्या लक्षात नसतात, आणि गेली की सगळ्यांच्या लक्षात येतात. मल्टिपाथ (एक वाट गेली की दुसरी घेण्याची सर्व्हरमधली सोय) निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे बसवलाय का, सर्व्हरमधलं फायबर कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर नव्या फर्मवेअरच्या सुसंगतता यादीत आहे का, हेही आत्ताच. चार वर्षं जुना ड्रायव्हर त्या यादीत नसण्याचीच शक्यता जास्त. मग आधी सर्व्हर अपडेट करायचा की आधी ॲरे, याचा क्रम निर्मात्यागणिक वेगळा असतो. तो रिलीज नोट्समध्ये दिलेला असतो, तिथूनच घ्या.

भाराचं गणित सोपं आहे, पण ते कुणी करत नाही. घरात दोघे कमावते असले आणि खर्च दोघांच्या पगारावर बेतलेला असला, तर एकाची नोकरी गेल्यावर काय होतं? ए ६५ टक्क्यांवर आणि बी ६० वर चालत असेल तर एकटा ए दोघांचं उचलू शकत नाही. दोघांची बेरीज शंभराच्या बरीच आत हवी. शिवाय जोडीदार नसताना कॅशची प्रत ठेवायला दुसरी जागा नसते, म्हणून बरेच ॲरे त्या वेळी थेट डिस्कवर लिहू लागतात आणि लिहिणं मंदावतं. लोक म्हणतात, रात्री तर भार नसतो. ॲरेचा महिनाभराचा आलेख काढून बघा. बॅकअप, अँटिव्हायरसची तपासणी, जुने स्नॅपशॉट (डेटाच्या त्या-त्या क्षणाच्या प्रती) पुसणं, रेप्लिकेशन, ही सगळी कामं रात्री अकरा ते तीनमध्येच लावलेली असतात. कित्येक ठिकाणी सर्वात जास्त भार रात्री एकला सापडला आहे. त्या रात्रीपुरती ही कामं थांबवा, पण बॅकअप थांबवण्याआधी ताजा बॅकअप घेतलेला असू द्या. तो त्याच ॲरेवर ठेवू नका. आणि त्यातला निदान ईआरपीचा डेटाबेस दुसरीकडे प्रत्यक्ष परत उभा करून बघा. परत उभा करून न पाहिलेला बॅकअप मी हिशोबात धरत नाही.

दिवस कोणता निवडायचा? तुमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असणार. मला गुरुवार आवडतो, कारण निर्मात्याचे आणि पुरवठादाराचे लोक त्या दिवशी कामावर असतात. रविवारी रात्री दोन वाजता मदत मागितली तर फोन उचलणाऱ्याला तुमचा ॲरे नवा असतो. पण आपल्याकडे महावितरणची देखभालीची कामंही गुरुवारीच निघतात. त्या गुरुवारी तुमच्या फीडरवर काम आहे का ते आधी विचारा. ॲरेचे दोन्ही पॉवर सप्लाय वेगवेगळ्या यूपीएसवर आहेत ना, तेही बघा. महिनाअखेर टाळा. ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीची विवरणपत्रं असतात, तेव्हा अकाउंट्सवाले तुम्हाला हात लावू देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. गणेशोत्सवातले शेवटचे दिवस तर नकोच. विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, आणि बदली कंट्रोलर घेऊन निघालेला इंजिनियर वेळेत पोहोचत नाही.

आवृत्तीच्या उडीबद्दल एक सांगतो. चार वर्षं जुन्या आवृत्तीवरून थेट आजच्या आवृत्तीवर बहुधा जाता येत नाही. मध्ये एक-दोन थांबे घ्यावे लागतात आणि प्रत्येक थांब्यावर दोन्ही कंट्रोलर रीस्टार्ट होतात. म्हणजे दोन थांबे घेऊन तिसऱ्या आवृत्तीवर पोहोचायचं तर सहा रीस्टार्ट. हे साहेबांना आधीच सांगा, वेळही तेवढी मागा. आणि मागे फिरण्याचं आश्वासन कुणाला देऊ नका. नवी आवृत्ती बऱ्याचदा आपल्या अंतर्गत नोंदींची मांडणीच बदलते. त्यानंतर जुनं फर्मवेअर टाकणं निर्मात्याला मान्य नसतं, कधी शक्यच नसतं. अगदी नवी, नुकतीच आलेली मोठी आवृत्तीही मी घेत नाही. निर्माता ज्या आवृत्तीची शिफारस करतो आणि जी काही महिने बाहेर चालली आहे, ती घेतो.

एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, संपली असेल तर आधी ती करा. बहुतेक निर्माते करार नसताना फर्मवेअर देत नाहीत, आणि इकडून तिकडून मिळवलेली फाइल कंट्रोलरवर टाकण्याचा सल्ला मी कधीच देणार नाही. करार असेल तर अपडेटच्या दहा दिवस आधी निर्मात्याकडे केस उघडा, ॲरेचे सगळे लॉग पाठवा आणि तपासून घ्या. हे फुकट असतं आणि फार कमी लोक करतात.

अपडेटच्या दिवशी सकाळी ॲरेची प्रकृती पुन्हा बघा. एखादी डिस्क गेलेली, कॅशच्या बॅटरीची कुरकुर, कुठे रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा दुसऱ्या डिस्कवर पुन्हा उभा करणं) चालू: यातलं एक जरी असेल तर त्या दिवशी काम रद्द. रिबिल्ड संपेपर्यंत थांबणं जिवावर येतं हे मला माहीत आहे. १८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटच्या वेगाने भरली तरी २५ तास लागतात, आणि चालू ॲरेवर तो वेग मिळत नाही. तरीही थांबा. आठवडाभर आधी पूर्ण स्क्रब, म्हणजे सगळ्या डिस्क वाचून तपासणं, चालवून घेतलं तर न वाचता येणारे सेक्टर आधीच सापडतात, ते ऐन वेळी आडवे येत नाहीत.

आणि आता या सगळ्यातला माझ्या मते सर्वात मोलाचा क्षण. पहिला कंट्रोलर परत आला, स्क्रीनवर हिरवं आलं, आणि यंत्र विचारतंय की दुसरा सुरू करू का. इथे हात मागे घ्या. ॲरेच्या दृष्टीने कंट्रोलर परत आला असला तरी सर्व्हरच्या बाजूने सगळ्या वाटा परत आलेल्या असतीलच असं नाही. काही सर्व्हर दोन मिनिटांत ओळखतात, काही दहा, आणि एखादा अजिबात ओळखत नाही, त्याला हाताने स्कॅन करावं लागतं. अशा सर्व्हरच्या वाटा परत येण्याआधी दुसरा कंट्रोलर गेला तर त्याला दोन्हीकडून काही उरत नाही. नेटॲप या स्टोरेज कंपनीच्या स्वयंचलित अपडेटमध्ये दोन टप्प्यांमध्ये आठ मिनिटं थांबण्याची सोय आधीपासूनच घातलेली आहे, ती याचसाठी. मी घड्याळावर थांबत नाही, यादीवर थांबतो. आधी केलेली तीच सर्व्हरची यादी पुन्हा काढायची, एक-एक नावापुढे दोन्ही बाजूच्या वाटा आल्याची टिक मारायची, आणि शेवटची टिक झाल्यावरच दुसरा कंट्रोलर. चाळीस मशीन चार-पाच भौतिक सर्व्हरवरच असतील, म्हणजे वीस मिनिटांचं काम. तुमच्या ॲरेमध्ये मध्येच थांबण्याचा पर्याय आहे का, आणि तो आधीच निवडावा लागतो का, हे पुरवठादाराला लेखी विचारून ठेवा.

डिस्कचं फर्मवेअर कंट्रोलरपासून वेगळं असतं. तुमच्या डिस्कवर तासांसारखा दोष निघाला तर तेच आधी आणि लगेच. नसेल तर कंट्रोलरच्याच रात्री ते उरकू नका. मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या, म्हणजे काही बिनसलं तर कशामुळे ते कळतं. काही ॲरे एकेक डिस्क थोडा वेळ बाजूला घेऊन चालू कामात अपडेट करतात, काहींना सगळं वाचणं-लिहिणं थांबवावं लागतं. दुसऱ्या प्रकारातलं असेल तर कारखाना खरोखर बंद ठेवावा लागेल, आणि काही ॲरे नवं कंट्रोलर फर्मवेअर आल्यावर डिस्कचं आपोआप सुरू करतात. यातलं तुमचं कोणतं, ते आधीच समजून घ्या.

अपडेट झाल्यावर पहिले दोन दिवस थोडं मंद वाटेल. गुरुवारी पाणी बंद असलं की महापालिका पुढे लिहिते, 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल', तसंच हे. रीस्टार्टमुळे वाचनाची कॅश रिकामी झालेली असते, ती हळूहळू भरते. हे लोकांना आधी कळवलं तर निम्मे फोन वाचतात. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशीही मंदच असेल तर लन आपापल्या मूळ कंट्रोलरवर परत गेलेत का बघा. सगळे एकावरच राहिले असतील तर एक कंट्रोलर रिकामा बसतो आणि दुसरा दमतो. आणखी एक तपासणी जरूर करा: ॲरेकडून तुम्हाला येणारी बिघाडाची मेल अजून येते का. नवं फर्मवेअर बऱ्याचदा जुन्या पद्धतीचं एन्क्रिप्शन बंद करतं, मग तुमचा जुना मेल सर्व्हर ती मेल घेत नाही, आणि पुढे डिस्क गेलेली कुणाला कळत नाही. चाचणी मेल पाठवून बघायला एक मिनिट लागतं.

ज्या दोषाभोवती तुम्ही पेन्सिलने गोल केलात, म्हणजे न कळता डेटा बदलण्याचा, त्याबद्दल शेवटी नीट सांगतो, कारण याबाबत मोठा गैरसमज आहे. दुरुस्ती फक्त इथून पुढच्या लिखाणाला लागू होते. आधी चुकीचं लिहिलं गेलेलं फर्मवेअर बदलून बरोबर होत नाही. स्नॅपशॉटमध्ये आणि दुसऱ्या जागेच्या प्रतीतही तेच चुकीचं असतं, कारण ॲरेने ते प्रामाणिकपणे तिकडे पोहोचवलेलं असतं. हे काल्पनिक नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५.३ लाख डिस्कच्या ४१ महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यात ४ लाखांहून अधिक वेळा साठवलेला डेटा आणि त्याचा चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नव्हता, आणि त्यातले ८ टक्के रिबिल्ड करताना सापडले, म्हणजे नेमके नको त्या वेळी. म्हणून असा दोष तुमच्या आवृत्तीत होता असं दिसलं, तर अपडेटनंतर डेटाबेसची स्वतःची तपासणी पूर्ण चालवा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी आज्ञा आहे, ओरॅकलच्या बॅकअप साधनात प्रत्येक ब्लॉक वाचून पडताळण्याची सोय आहे. फाइल सर्व्हरच्या फाइल सिस्टिमची तपासणी करा. काही सापडलं तर दोष लागू होण्याआधीचा बॅकअप लागेल, त्यामुळे जुने बॅकअप या काळात पुसू नका.

आणि स्टोअरच्या कपाटात चार वर्षं पडून असलेली ती सुटी डिस्क काढून बघा. ती आली तेव्हाचंच फर्मवेअर तिच्यावर आहे. पुढच्या वर्षी कधीतरी रात्री एखादी डिस्क जाईल, ड्युटीवरचा माणूस ही डिस्क बसवेल, आणि दुरुस्त केलेला दोष पुन्हा ॲरेमध्ये येईल. ती आत्ताच ॲरेमध्ये एका मोकळ्या जागी लावा, नवं फर्मवेअर टाका, काढून ठेवा, आणि पाकिटावर आवृत्ती आणि तारीख लिहा.